कॅनडातल्या कॅनडात सायकलिंगचे कपडे मागवायचे तर

प्रश्न असा आला आहे: "गेल्या ऑगस्टमध्ये पुण्याहून मिसिसागाला आलो. ऑफिस ११ किलोमीटरवर आहे, एप्रिलपासून सायकलने जायचा विचार आहे. शनिवार-रविवारी लेकच्या कडेने लांब राइड. मागे एका अमेरिकन साइटवरून बूट मागवले तर कुरिअरवाल्याने दारात वेगळे पैसे मागितले. आता कपडे आणि ॲक्सेसरीज फक्त कॅनडातल्याच साइटवरून घ्यायच्या आहेत. हेल्मेट पुण्याहून आणलं आहे. बजेट ६०० डॉलर. कुठून घ्यावं आणि आधी काय घ्यावं?"

मी चौदा वर्षं टोरांटोच्या आसपास बाराही महिने सायकलने कामाला जाते. त्यातली सहा वर्षं दर शनिवारी एका सायकल दुकानाच्या वर्कशॉपमध्ये काम केलं. तिथे पंक्चरच्या खालोखाल माझा वेळ जायचा तो लोकांनी ऑनलाइन मागवलेल्या आणि न बसणाऱ्या वस्तू पाहण्यात. तेव्हा उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी त्या दारातल्या पैशांचा हिशोब, कारण तो कळला की बाकीचं आपोआप कळतं. १ जुलै २०२० पासून नियम असा आहे: अमेरिका किंवा मेक्सिकोतून कुरिअरने आलेला माल ४० कॅनेडियन डॉलरपर्यंत असेल तर कर नाही आणि ड्युटीही नाही. ४० ते १५० पर्यंत फक्त कर. १५० च्या वर गेलात की दोन्ही. हे फक्त कुरिअरला लागू आहे. टपालाने आलं किंवा दुसऱ्या कुठल्याही देशातून आलं तर सूट फक्त २० डॉलरची. आणि कपड्यांवरची ड्युटी थोडीथोडकी नाही, बऱ्याच कपड्यांवर ती १८ टक्के असते. समजा तुम्ही १८० डॉलरचं जॅकेट मागवलं. ड्युटी ३२.४०. मग ड्युटीसकट जी रक्कम होते तिच्यावर आपल्या ऑन्टॅरिओ प्रांतात लागणारा १३ टक्के विक्रीकर (एचएसटी), म्हणजे आणखी २७.६१. साठ डॉलर सरकारचे झाले. वर कुरिअर कंपनी कस्टमची कागदपत्रं केल्याची फी लावते, ती वेगळी. तेच जॅकेट तेवढ्याच किमतीला ऑन्टॅरिओतल्या गोदामातून आलं असतं तर २०३.४० मध्ये विषय संपला असता.

तुम्ही नवीन आहात म्हणून एक सांगून ठेवते. इथे एमआरपीची सवय सोडा. साइटवर दिसणारी किंमत कराशिवायची असते, शंभर दिसले की आपल्याला ११३ पडतात. अल्बर्टातल्या तुमच्या मित्राला तीच वस्तू १०५ ला पडेल, क्युबेकमधल्याला जवळजवळ ११५ ला. माल कुठून निघाला यावर हे ठरत नाही, तो कुठे पोचतो यावर ठरतं. त्यामुळे "अल्बर्टातल्या दुकानातून मागवलं की टॅक्स वाचतो" असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

आता मुद्द्याचं. "कॅनडातली साइट" हा शब्द फसवा आहे. पत्त्यात डॉट सीए आहे, वर कोपऱ्यात मेपलचं पान आहे, किमती कॅनेडियन डॉलरमध्ये आहेत, आणि पार्सल निघतंय अमेरिकेतल्या ओहायोतून, असं सर्रास असतं. काही मोठे ब्रँड ड्युटी आणि कर आधीच किमतीत धरून पाठवतात, तेव्हा दारात कुणी पैसे मागत नाही. छान वाटतं. पण बिब शॉर्ट्स (खांद्यावरून पट्ट्या असलेली सायकलिंगची शॉर्ट्स) घट्ट झाली की खरा खेळ सुरू होतो: ती परत सीमेपलीकडे पाठवायची, लेबल तुमच्या खर्चाने, आणि भरलेली ड्युटी परत मिळवायची तर त्याचा अर्ज निराळा. म्हणून मी साइटचं पहिलं पान वाचत नाही. थेट तळाशी जाऊन रिटर्न्सचं पान उघडते आणि परतीचा पत्ता बघते. मिसिसागा, मॉन्ट्रियल, सरी, कॅलगरी असं कॅनडातलं काही दिसलं तर पुढे जायचं. पत्ताच दिला नसेल तर एक ईमेल टाकायची: माल कुठून निघतो, परत कुठे पाठवायचा, लेबलचे पैसे कोण देणार. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजायचं.

कस्टमचे पैसे एकदाच जातात आणि माणूस ते विसरतो. न बसणारे कपडे मात्र कपाटात वर्षानुवर्षं पडून राहतात. माझ्या मते कॅनडातल्या कॅनडात घेण्याचा खरा फायदा हा परतीचा आहे. तुम्हाला इथल्या ब्रँडची मापं अजून माहीत नाहीत, म्हणून तुमच्या बाबतीत तर जास्तच.

कायद्यावर मात्र फार विसंबू नका. ऑन्टॅरिओच्या ग्राहक संरक्षण कायद्यात ऑनलाइन खरेदीसाठी एक चांगलं कलम आहे: ठरलेल्या तारखेनंतर ३० दिवसांत माल आला नाही तर करार रद्द करून पैसे परत मागता येतात. पण "आवडलं नाही", "बसलं नाही" म्हणून परत करण्याचा हक्क कायदा देत नाही, तो दुकानाच्या मर्जीवर. सेलमधल्या मालावर बारीक अक्षरात "फायनल सेल" लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय बटण दाबू नका. मी एकदा एका दुकानाच्या साइटवरून साठ टक्के सवलतीत थंडीची टाइट्स घेतली होती. घोट्याची चेन टाचेवरून जाईना. फायनल सेल! शेवटी मैत्रिणीच्या पंधरा वर्षांच्या मुलीला दिली. ती अजून वापरते आणि भेटली की मुद्दाम दाखवते.

दुकानांची नावं विचारलीत, तर मी कुठे बघते ते सांगते. पहिलं एमईसी, डोंगर-भटकंती आणि सायकलिंगच्या सामानाचं दुकान. १९७१ मध्ये व्हॅंकूव्हरला गिर्यारोहकांची सहकारी संस्था म्हणून सुरू झालं. तेव्हा पाच डॉलर भरले की जन्मभराचं सभासदत्व मिळायचं, आपल्याकडच्या सहकारी भांडारासारखंच. २०२० मध्ये ते एका अमेरिकन गुंतवणूक कंपनीला विकलं गेलं तेव्हा सभासदांनी बरीच आरडाओरड केली, २०२५ मध्ये मालकी पुन्हा कॅनेडियन लोकांकडे आली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की त्यांचे स्वतःच्या नावाचे सायकलिंगचे कपडे दिसायला साधे असतात आणि टिकतात, आणि ऑनलाइन घेतलेलं दुकानात नेऊन परत करता येतं. दुसरं डेकॅथलॉन. ते पुण्याच्या माणसाला सांगायला नको! २०१८ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या ब्रोसार्डला त्यांचं इथलं पहिलं दुकान उघडलं. त्यांच्या ट्रायबन आणि व्हॅन रायसेल या ब्रँडची मापं तुम्हाला आधीच माहीत असतील, ती इथेही तीच. हातमोजे, साध्या जर्सी, बाटल्या, बाटलीचे स्टँड यासाठी दुसरीकडे जायची गरज नाही. आणि मे महिन्यात आई-बाबा येणार असतील तर उन्हाळी जर्सी तिकडूनच मागवा, बॅगेत वजन किती ते.

मॉन्ट्रियलच्या आल्टिट्यूड स्पोर्ट्स या दुकानाचीच "द लास्ट हंट" नावाची साइट आहे. मागच्या हंगामातला उरलेला माल तिथे उतरतो. मापं तुटक असतात, पण स्मॉल किंवा एक्स्ट्रा लार्ज लागणाऱ्यांची चंगळ. क्युबेकमधलं प्रिमो व्हेलो सुटे भाग आणि कपडे दोन्हींसाठी चांगलं. याशिवाय जवळच्या सायकल दुकानाची स्वतःची साइट असते, ती जरूर बघा. ऑनलाइन पैसे भरायचे आणि जाऊन घेऊन यायचं. माप बदलायचं तर उभ्या उभ्या काम होतं.

जिथे अनेक विक्रेते आपला माल विकतात अशा मोठ्या साइटवर कधी घ्यावं लागलंच तर वस्तूच्या नावाखाली दोन ओळी असतात: विकणारा कोण आणि पाठवणारा कोण. दोन्हीकडे कुठलं तरी अनोळखी नाव असेल तर मी हेल्मेट, दिवे आणि कुलूप या तीन गोष्टी तिथून घेत नाही. हेल्मेटची नक्कल डोळ्यांनी ओळखता येत नाही, पडल्यावरच ओळखू येते.

इथल्या ब्रँडबद्दल दोन शब्द. लुई गार्नो हे एका माणसाचं नाव आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो कॅनडाकडून सायकल शर्यतीत उतरला होता आणि त्याच्या आदल्या वर्षी त्याने क्युबेकमध्ये कपड्यांचा धंदा सुरू केला होता. व्हॅंकूव्हरचा सुगोई हा जुना ब्रँडही पुढे त्यांच्याकडेच आला. यांचे कपडे इटालियन कपड्यांइतके अंगाला चिकटून नसतात, ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्या आपल्यासारख्यांना बरे पडतात. ब्रिटिश कोलंबियातल्या स्क्वामिशचा सेव्हनमेश पावसाळी जॅकेटं अप्रतिम करतो, पण तुमच्या बजेटमध्ये ते एकटंच बसेल आणि बाकी सगळं बाहेर राहील. पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला लटकणारी बॅग, हवी असेल तर क्युबेकमधल्या शेरब्रुकची आर्केल बघा. कॅरिअरला अडकवायची त्यांची आकडी इतकी पक्की आहे की माझी जुनी पॅनिअर ट्रामच्या रुळांवरून हजारदा आदळली, तरी निघाली नाही.

आता मापाबद्दल, कारण पैसे इथेच बुडतात. साइटवरचा तक्ता छातीचा आणि कंबरेचा आकडा देतो. तो टेप लावूनच मोजा, शर्टाच्या लेबलवरून नाही. कॅस्टेलीसारखे इटालियन कपडे लहान असतात, तक्त्यात मीडिअम आलं तरी लार्ज आणि पोट असेल तर त्याच्याही पुढचं. "रेस फिट" असं लिहिलेलं जॅकेट घालून आरशासमोर सरळ उभं राहिलात तर ते पुढून आखूड आणि मागून लांब वाटेल. ते बरोबर आहे. ते हँडलवर वाकलेल्या माणसासाठी बेतलेलं असतं, म्हणून घालून खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात टेकून वाका आणि मग ठरवा.

पॅडच्या शॉर्ट्सचं सांगायचं तर पार्सल उघडल्यावर आधी पॅड अंगठा आणि बोटात धरून दाबा. बसण्याची दोन हाडं जिथे टेकतात तिथे दाबल्यावर बोटाला बोट लागल्यासारखं वाटलं तर ते पॅड तासाभराच्या पुढे साथ देणार नाही. जाड, मऊ, उशीसारखं पॅडही नको, त्याने उलट घासतं. दाट असावं, दाबल्यावर सावकाश वर यावं. मग शॉर्ट्स उलटी करून शिवण बघा. मांडीच्या आतल्या बाजूला जाड उभी शिवण असेल तर परत पाठवा, ३० किलोमीटरनंतर ती तुम्हाला आठवण करून देईल. घरात ट्रायल घेताना आत पातळ अंडरवेअर ठेवा, नाहीतर परत घेणार नाहीत. प्रत्यक्ष सायकल चालवताना मात्र आत काहीही घालायचं नाही. हे सांगायला संकोच वाटतो, पण दर वर्षी कुणी ना कुणी वर्कशॉपमध्ये जखमा घेऊन यायचं आणि कारण हेच निघायचं. बायकांसाठी एक: बिब घ्यायची तर मागून सुटणाऱ्या पट्ट्यांची घ्या. नाहीतर लेकच्या काठावरच्या सार्वजनिक शौचालयात जर्सी, जॅकेट सगळं उतरवून उभं राहावं लागतं, तेही ऑक्टोबरात.

कमी पैशात सुरुवात करणाऱ्याने आधी काय घ्यावं याचं माझं उत्तर लोकांना आवडत नाही, कारण त्यात जर्सी नसते. ११ किलोमीटर जायला जर्सी लागत नाही. सुती मात्र नको, घाम धरून ठेवतं. व्यायामाचा कुठलाही सिंथेटिक टी-शर्ट चालेल. तुमच्या ६०० पैकी मी दिव्यांना ९०, कुलपाला १००, मडगार्डला ६०, दोन शॉर्ट्सना १५०, हातमोज्यांना ३० आणि पातळ वारारोधक जॅकेटला ७० ठेवीन. हे झाले ५००, त्यावर कर ६५. उरलेले ३५ तसेच राहू द्या. कर धरायला विसरलात की नेमकं कुलूप राहून जातं आणि मग सायकलही जाते.

दिव्यांवर इतके पैसे का, तर डिसेंबरात इथे पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. ऑफिस सुटायच्या आधी काळोख. ऑन्टॅरिओत सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून सूर्योदयानंतर अर्ध्या तासापर्यंत पुढे पांढरा किंवा पिवळसर दिवा हवा, मागे लाल दिवा किंवा परावर्तक, शिवाय पुढच्या फोर्कवर, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांवर, पांढरी आणि मागे लाल चमकती पट्टी. घंटीही कायद्याने लागते. कडक थंडीत बॅटरीचा जीव निम्म्यावर येऊ शकतो, तीन तास लिहिलं असेल तर दीड धरा आणि ऑफिसला पोचलात की दिवा काढून आत न्या. कोट फ्लुरोसंट असण्यापेक्षा घोट्याला चमकता पट्टा असलेला बरा. पाय वरखाली होतो तसा तो हलतो, मागच्या ड्रायव्हरला ते लगेच दिसतं. सात-आठ डॉलरची गोष्ट.

मडगार्डला इथे लोक फेंडर म्हणतात, साइटवर तोच शब्द टाका. पूर्ण लांबीचे घ्या, सीटखाली चिकटवायची ती पट्टी नको. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, वितळलेल्या बर्फाचं ते खारं पाणी साखळीवर आणि तुमच्या पाठीवर उडतं. साखळी एका हंगामात गंजून ताठ होते. मागवण्याआधी टायर आणि फ्रेममधली जागा मिलिमीटरमध्ये मोजा. ऑनलाइन मागवलेल्या आणि न बसलेल्या वस्तूंत वर्कशॉपमध्ये पहिला नंबर मडगार्डचा होता.

हेल्मेटचं. ऑन्टॅरिओत ते १८ च्या खालच्यांना सक्तीचं आहे, मोठ्यांना नाही. ब्रिटिश कोलंबियात गेलात तर सगळ्यांना आहे. पुण्याहून आणलंय ते आतून बघा, मानकाचं स्टिकर असेल आणि ते कधी आपटलेलं नसेल तर चालवा. विमानाच्या सामानात टाकून आणलं असेल तर थर्माकोलला बारीक तडा नाही ना, ते उजेडात धरून नीट तपासा. जुनं वापरलेलं हेल्मेट मात्र कुणाकडूनही घेऊ नका. बाकी पॅनिअर, कॅरिअर, पंप, अगदी जॅकेटसुद्धा किजीजी या जुन्या वस्तूंच्या साइटवर सेकंडहँड घ्यायला हरकत नाही.

थंडीचं सगळं आत्ताच घेऊ नका. पहिला हिवाळा सायकलवर काढायचा की नाही हे ऑक्टोबरात ठरवा. ठरवलंत तर पैसे बोटांवर आणि कानांवर खर्च करा. छाती आपोआप गरम होते, पहिल्या दहा मिनिटांत गारठा वाटला तर कपडे बरोबर आहेत. उणे पाचाच्या खाली पाच बोटांचे हातमोजे कितीही महागडे असले तरी पुरत नाहीत. दोन-दोन बोटं एकत्र राहतात ते खेकड्याच्या नांगीसारखे मोजे घ्या, किंवा हँडललाच बसवायच्या जाड पिशव्या. दिसायला हास्यास्पद, पण उणे पंधराला आत साधे मोजे घालून मी ब्रेक दाबू शकते. खिळ्यांचे टायर हवे असतील तर ऑक्टोबर संपायच्या आत मागवा, पहिला बर्फ पडला की मापं संपतात. लावल्यावर पहिले चाळीसेक किलोमीटर कोरड्या डांबरावर हळू चालवा म्हणजे खिळे नीट बसतात. आणि कुलपासाठी बर्फ वितळवणाऱ्या द्रवाची छोटी बाटली घ्या, पण ती बॅगेत ठेवा, घरी नाही. एका जानेवारीत पाऊस पडता पडता गोठला आणि माझी किल्ली भोकात अर्ध्याच्या पुढे जाईना. पंधरा मिनिटं मी सायकलच्या खांबापाशी उकिडवी बसून कुलपावर तोंडाची वाफ सोडत होते. ती वाफही गोठत होती.

सेलचं वेळापत्रक उलटं लक्षात ठेवा. उन्हाळी शॉर्ट्स आणि जर्सी सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात, थंडीचे कपडे फेब्रुवारी-मार्चमध्ये. तुम्ही मार्चमध्ये विचारताय, म्हणजे जॅकेट आणि थंडीचे हातमोजे आत्ता स्वस्त आहेत आणि शॉर्ट्स पूर्ण किमतीत. शॉर्ट्स एकच घ्या, दुसरी सप्टेंबरात. हिवाळ्यातही सायकल चालवायची हे आत्ताच नक्की असेल तर त्या दीडशेतले निम्मे थंडीच्या हातमोज्यांकडे वळवता येतील. फुकट शिपिंगच्या मर्यादेसाठी बारा डॉलर कमी पडले म्हणून वीस डॉलरची बाटली टोपलीत टाकायची, हा मोह मात्र मलाही अजून आवरत नाही.

पार्सल दाराशी टाकून जातात, तिथून ते गायबही होतं. तुम्ही अपार्टमेंटमध्ये असाल तर कॅनडा पोस्टची फ्लेक्सडिलिव्हरी फुकट आहे. नाव नोंदवलं की जवळच्या पोस्टाचा पत्ता मिळतो, तोच साइटवर टाकायचा आणि ऑफिसहून येताना ओळखपत्र दाखवून पार्सल घ्यायचं. खाजगी कुरिअरने येणारं पार्सल तिथे जात नाही, म्हणून कोण पाठवणार ते आधी बघा. २०२४ मध्ये १५ नोव्हेंबरपासून महिनाभर टपालाचा संप होता, ऐन सेलच्या दिवसांत पार्सलं जिथल्या तिथे अडकली. तेव्हापासून नोव्हेंबरात लागणारी वस्तू मी ऑक्टोबरातच मागवते.

एक राहिलं. इथल्या रोड सायकलला बहुतेक प्रेस्टा व्हॉल्व असतो, बारीक आणि टोकाला फिरकी असलेला. पंप आणि ट्यूब मागवण्याआधी चाकापाशी वाकून तो कुठला आहे ते बघून घ्या, फोटो काढून ठेवलात तर उत्तमच. ट्यूबच्या डब्यावर व्हॉल्वची लांबीही मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. तुमच्या रिमची कड उंच असेल तर ४० चा आखूड पडेल, ६० चा मागवा.